पोर कॉलेजला गेलं. मागे राहिलेल्या घराचं काय?



जुलै-ऑगस्ट आला, की गट ऑफिसात ऊस नोंदीच्या जोडीला दुसरा एक विषय हमखास निघतो. कुणाचा मुलगा कराडला लागला, कुणाची मुलगी सांगलीला, तर कुणाचे दोघेही पुण्याला. प्रवेश कसा मिळवायचा, फॉर्म कुठला भरायचा, कॉलेज कोणतं धरायचं, हे सांगणारे आता गावोगाव झाले आहेत. पण प्रवेश मिळून पोर ट्रंक घेऊन गेल्यावर मागे जे घर राहतं, त्याने काय करावं, यावर फारसं कोणी बोलत नाही. आई रडली तर शेजारणी येऊन समजूत घालतात. बाप मात्र बांधावर जाऊन बसतो, आणि माणसं समजतात, की पाण्याची पाळी आहे.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या कृष्णा-कोयनाकाठाला तर तो शंभर वर्षांचा जुना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. महात्मा गांधींनी १९२७ मध्ये त्याला भेट दिली. तेच धनिणीच्या बागेतलं छत्रपती शाहू बोर्डिंग. निरनिराळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला जेवत होती, आपलं दळण-स्वयंपाक आपणच करत होती. आज हे वाचायला सोपं वाटतं. पण त्या वेळी खेड्यातल्या आईबापांनी पोटचं पोर दुसऱ्याच्या हवाली करायचं, ते कुणाबरोबर जेवणार, कुणाशेजारी झोपणार, हे ठाऊक असताना करायचं, याला केवढी छाती लागली असेल! बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपण सगळे ऐकून आहोत. त्या मुलांच्या घरी राहिलेल्या आयांचा उल्लेख मात्र फारसा कुठे होत नाही. पोर जिवंत आहे, खुशाल आहे, एवढं कळायला त्यांना पोस्टकार्डाची वाट बघावी लागे, आणि आलेलं कार्ड वाचून दाखवायला मास्तर शोधावा लागे.

पुढे वाटा वाढत गेल्या. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ सालचं. 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांनी हातात खोरं आणि पुस्तक दोन्ही धरलं, ते तिथंच. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकीही १९४७ चंच. कराडला १९५४ मध्ये सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज झालं, १९६० मध्ये सरकारी अभियांत्रिकी झालं. मिरजेचं सरकारी मेडिकल आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, दोन्ही १९६२ ची. वसंतदादा मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज त्याच साली उभं राहिलं. कॉलेज दाराशी आलं. पण दाराशी आलं म्हणून पोर घरी राहिलं, असं मात्र झालं नाही. ते आणखी पुढच्या गावाला गेलं.

पहिले तीन महिने

आपल्याकडे आता पुष्कळ सभासद उसाची रोपं ट्रेमध्ये करून लावतात. शेडनेटमधलं महिन्याचं रोप रानात लावलं, की पहिले काही दिवस ते मान टाकतं. पानं पिवळी दिसतात. आपण पाणी देतो, बेताचं देतो, आणि थांबतो. मूळ धरलं का, म्हणून रोज उपटून कोणी बघत नाही. पोरांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. (पोरगं म्हणजे काही ऊस नव्हे, हेही खरं. उसाला उलट बोलता येत नाही.)

या पहिल्या तीन महिन्यांत तिकडे काय चाललेलं असतं, ते समजून घेतलं पाहिजे. गावच्या हायस्कुलात जो पहिला-दुसरा होता, तो त्या वर्गात चाळिसावा असतो, कारण तिथे प्रत्येकजण आपापल्या गावचा पहिला-दुसराच असतो. मराठीतून शिकलेल्याला सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. त्याला गणित येतं, पण प्रश्न कळत नाही. हात वर करून विचारावं, तर मागच्या बाकावरचे हसतील ही भीती. शाळेत सर नाव घेऊन ओळखायचे, बापाला बाजारात भेटून सांगायचे, "पोरगं जरा ढिलं पडलंय बरं का." कॉलेजात साठ-सत्तर पोरांच्या वर्गात नाव कळायलाच दिवाळी उजाडते. शिवाय वर्षाला दोन सत्रं. म्हणजे पोर जरा स्थिरावतंय तोवर पहिली परीक्षा दारात उभी.

त्यात मेसची आमटी. खोलीतला जोडीदार रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसणारा. कपडे स्वतः धुवायचे. हे सगळं त्याला पेलतं, पण पेलायला वेळ लागतो, आणि त्या वेळात ते घरी फोनवर नीट बोलत नाही. "बरा आहे." "जेवलो." "ठेवतो." आईला वाटतं, पोरगं तुटलं. तसं नसतं. ते त्या क्षणी सांगण्याजोगं काही नसलेलं पोर असतं. जे आहे ते सांगितलं, तर आई रडेल आणि बाप म्हणेल, "मग ये निघून." दोन्ही त्याला नको असतं.

फोनचं म्हणाल, तर सोयीची गोष्ट गैरसोयीची कशी होते याचं ते उत्तम उदाहरण आहे. जुन्या काळी सकाळच्या एस.टी.त डबा ठेवला, की तो तालुक्याच्या स्टँडवर पोर उतरवून घ्यायचं. संध्याकाळी रिकामा डबा परत यायचा. डबा धुतलेला आला की आईला कळायचं, पोर ठीक आहे. तसाच खरकटा आला, तर परीक्षा जवळ आली असेल. भाकरी परत आली, तर मात्र ती दुसऱ्या दिवशी कुणाला तरी बघायला पाठवायची. एक शब्द न बोलता एवढा व्यवहार व्हायचा. आता दिवसातून चार वेळा फोन होतो आणि तरी कळत काही नाही. सकाळी आई, दुपारी बाप, संध्याकाळी आजी, रात्री मामा, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "काय रं, जेवलास का?" आजी तर व्हिडिओवर ताट दाखव म्हणते.

आमचं सुचवणं असं, की फोनची वेळ पोरानेच ठरवावी आणि घराने ती पाळावी. रात्री जेवणानंतर एकदा बोलायचं, बाकी वेळ अडचण असेल तरच. आणि "जेवलास का, अभ्यास झाला का" एवढ्यावर न थांबता घरचं काही सांगावं. म्हशीला रेडी झाली, वरच्या पट्टीतला खोडवा चांगला फुटलाय, तुझा दोस्त काल भेटला होता. घरचं बोलणं सुरू झालं, की पोर आपोआप आपलं बोलू लागतं. नुसत्या चौकशीला पोरं पोलिसासारखी उत्तरं देतात.

पैशाची गाठ

आपल्या घरात पैसा येतो तो हंगामात. कारखाना दिवाळीच्या आसपास पेटतो, उसाचं बिल निघायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. कॉलेजची फी मात्र जुलै-ऑगस्टला भरायची असते, म्हणजे घर अगदी कोरडं असताना. मग काय होतं? कुणी सोसायटीचं पीककर्ज उचलून फीला लावतं, कुणी सोनं ठेवतं, कुणी खासगी सावकाराकडे जातं. पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं म्हणून ते स्वस्त वाटतं. पण ते एका पिकाचं कर्ज आहे. पीक निघालं की ते बिलातून वळतं होतं, आणि पुढच्या लागणीच्या खताला हात रिकामा राहतो. कॉलेज चार वर्षांचं. चार वर्षं खताचा पैसा फीला गेला, तर रानाचं काय होईल ते सभासदाला सांगायला नको.

यापेक्षा शैक्षणिक कर्ज बरं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. साधारणपणे शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने हप्ते सुरू होतात. व्याज त्याआधीही चढतं, तेवढं ध्यानात ठेवावं. जमेल तसं ते भरत गेलं, तर पुढचा बोजा हलका होतो. कर्ज पोराच्या नावावर असतं, बाप सहकर्जदार. काही बापांना हे कमीपणाचं वाटतं. "पोराच्या डोक्यावर कर्ज नको" म्हणतात. पण आपलं शिक्षण किती रुपयांचं आहे, हे पोराला ठाऊक असण्यात वाईट काय?

सवलतीही आहेत, आणि पुष्कळ सभासद त्या कागदाअभावी घालवतात. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि जी मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिक दुर्बल गटात बसते, तिची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. अट अशी, की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. एजंटाच्या नादाने कोट्यात प्रवेश घेऊन मग सवलत शोधत फिरणारे पालक दर साली दिसतात. त्यांचं पुढे काहीही करता येत नाही. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात.

महिन्याच्या खर्चाला पोराला एक ठरावीक रक्कम द्यावी. मागेल तेव्हा पाचशे-हजार टाकत गेलं, की त्याला हिशेब लागत नाही आणि आपल्यालाही. रक्कम ठरली, की विसाव्या तारखेला खिसा रिकामा होण्याचा अनुभव त्याला एकदा येऊ द्यावा. वडापाववर दहा दिवस काढल्याने कोणी मेलं नाही. मात्र घरात अडचण असेल, तर ती लपवू नये. यंदा बिल उशिरा आहे, दोन महिने ओढाताण आहे, असं सरळ सांगितलेलं पोरांना कळतं. लपवलेलं गावच्या दोस्ताकडून कळतं, आणि ते जास्त लागतं.

निकाल लागला, तेव्हा

पहिल्या सत्राचा निकाल हा घराच्या परीक्षेचा दिवस. बारावीला ऐंशीच्या वर असलेलं पोर एखाद-दुसऱ्या विषयात राहतं. याला एटीकेटी म्हणतात. म्हणजे राहिलेला विषय पुढे पुन्हा देता येतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत वर्षही वाया जात नाही. विषय राहणं म्हणजे नापास होऊन घरी बसणं नव्हे. हा फरक गावात कुणाला ठाऊक नसतो, म्हणून बापाची मान खाली जाते आणि त्याच्या तोंडून नको ते शब्द जातात. "एवढा पैसा ओतला, आणि हे?" या एका वाक्याने पुढच्या निकालापासून पोर खोटं बोलायला शिकतं.

त्या ऐवजी विचारावं, की कुठला विषय, का राहिला, आणि हजेरी किती भरली. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. हजेरी भरून विषय राहिला असेल, तर शिकवणीचा प्रश्न आहे, तो सुटतो. हजेरीच नसेल, तर गोष्ट वेगळी; मग मात्र एक दिवस मोडून कॉलेजवर जाऊन वर्गशिक्षकांना भेटायला हवं. भेटायला जाताना पोराला सांगून जावं. गुपचूप गेलेला बाप पोराला आयुष्यभर आठवतो, आणि चांगल्या अर्थाने नव्हे.

आणखी एक गोष्ट कठीण आहे, पण लिहिली पाहिजे. पोर फोन उचलेनासं झालं, सुट्टीत घरी यायचं टाळू लागलं, आलंच तर झोपून राहतं, आवडीचं केलेलं खात नाही, "माझ्याने होणार नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणतं, तर त्याला नाटक समजू नये. लिंबू-मिरची उतरवून भागत असेल तर उतरवा, आजीचं समाधान होतं. पण त्याच दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर दिवसा-रात्री मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. रॅगिंगचा संशय असेल तर १८००-१८०-५५२२. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ सालापासून कायदा आहे, आणि प्रवेशावेळी पालकाच्या सहीचं जे हमीपत्र घेतात ते त्यासाठीच. आपण ते न वाचता सही करतो. शिक्षण पुन्हा घेता येतं. वर्ष गेलं तर गेलं.

मुलगी गेली, तर

मुलाच्या बाबतीत घर हळवं होतं, मुलीच्या बाबतीत घाबरतं. रोज लोकेशन पाठव, सातच्या आत खोलीवर, फोन लागला नाही की रेक्टरला फोन. काळजी खोटी नाही. पण गावात "बघा हं, पोरगी शिकायला ठेवलीय, काय दिवस आलेत" असं म्हणणाऱ्यांच्या धाकाने जी बंधनं घातली जातात, त्यांचा आणि मुलीच्या सुरक्षिततेचा संबंध थोडा असतो. मुलीला खरी भीती वेगळीच असते: आपल्याकडून जरा काही चुकलं, तर शिक्षण बंद करून लग्न उरकतील. म्हणून अडचण आली, तरी ती घरी सांगत नाही. बस स्टँडवर कोणी त्रास देत असेल, तर ते आईबापांना सर्वांत शेवटी कळतं. "काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही," हे बापाने स्वतःच्या तोंडाने, एकदा तरी, स्पष्ट सांगून ठेवावं. आईच्या मार्फत नको. तेवढ्या एका वाक्याने मुलगी बोलती होते.

रानाचं आणि घराचं

पोर गेल्यावर घरातलं एक माणूसच नव्हे, एक हात कमी होतो. रात्रीची लाईट असली, की दोघं मिळून पाण्याला जायची. एक मोटारीवर, एक सरीच्या टोकाला. आता बाप एकटा जातो. बिबट्याची, सापाची भीती सोडा, बोलायला कोणी नसतं हीच गोष्ट जास्त जाणवते. मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून घ्यावा. शेजाऱ्याशी पाळी जुळवून दोघांनी मिळून जावं.

मोबाईलवरची कामंही पोरच करायचं. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायची असते. सातबारा काढणं, अर्ज भरणं, कारखान्याचा बिलाचा मेसेज वाचून दाखवणं, सगळं त्याच्याकडे. आता बाप दर वेळी पुण्याला फोन करतो, पोर वर्गात असतं, फोन कट करतं, बापाला राग येतो. हा राग मोडायचा सोपा उपाय म्हणजे शिकून घेणं. दिवाळीच्या सुट्टीत पोराला तासभर शेजारी बसवून मोबाईलचं काम शिकावं. कित्येक घरांत बापाआधी आई शिकते, असं दिसून आलं आहे. तिने शिकलं तरी काही बिघडत नाही.

आणि शेवटचा, सगळ्यांच्या मनात असलेला, कोणी न विचारणारा प्रश्न. हे पोर रानात परत येणार का? बहुधा नाही. चार वर्षं बाहेर काढलेल्या मुलाला सुट्टीत कोयता धरायला लावून त्याचं उत्तर बदलत नाही. काहीजण येतात, दूध, रोपवाटिका, ठिबकचा धंदा करतात, पण ते त्यांच्या मर्जीने येतात. दिवाळीला आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी "आता रान कोण बघणार" म्हणून धरू नये. आल्या दिवशी झोपू द्यावं. दुसऱ्या दिवशी, त्याचं त्याला वाटलं तर, ते स्वतःहून बांधावर येतं, खोडव्यात शिरतं, आणि फुटवे मोजून विचारतं, "आण्णा, औंदा टनेज किती पडंल?" तेव्हा काय असेल ते खरं सांगावं, आकड्यासह.

परत जाताना त्याच्या पिशवीत चटणी-भाकरीबरोबर कागदांचा एक संच द्यावा: उत्पन्नाचा दाखला, सातबारा व आठ-अ, जातीचा दाखला असल्यास तो, बँक पासबुकाची आणि आधारची प्रत. दुसरा संच घरी ठेवावा. उत्पन्नाचा दाखला दर साली नवा लागतो.